म्हैस देवानी नही

वच्छलाबाईच्या तोंडाला अख्खं गाव टरकून असायचं. धुळ्याजवळच्या त्या खेड्यात ती ओट्यावरून ओरडली, की नवरा अभिमन हातातलं काम टाकून शेतातून यायचा. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. देवाने दुसरं काहीही मागितलं असतं तर तिने हसत दिलं असतं.

पुण्याला कॉम्प्युटरमध्ये नोकरी करणारी लेक दिपमाला दिवाळीत नवं अ‍ॅप घेऊन आली. आईने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेले जुने निरोप तिने मशीनला ऐकवले होते. मशीन म्हणे आता फोटो ओळखतं, भाषा समजतं, आवाजही शिकतं.

"तू फक्त लिख माय, मोबाईल तुनाच आवाजमा बोली."

बोलला खरा. आवाज हुबेहूब तिचा, पण भाषा? तिने चिडून लिहिलं, "कान फुटनात का?" मोबाईल म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत आहे का?" 'शे' लिहावं तर 'आहे', 'बठ्ठा' लिहावं तर 'सर्व'. आवाज तिचा आणि तोंड कुण्या मास्तरणीचं! जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलं नव्हतं, ते आता ऊठसूट ऐकावं लागे, तेही स्वतःच्याच आवाजात. अभिमनला तर घरात पाहुणी आल्यासारखं वाटे. हाक मारली तरी तो जागचा हलत नसे. मशीनला अहिराणी पुढे येईल, असं लेक सांगे. तोवर काय शहाण्यासारखं बोलायचं?

राहता राहिली म्हैस. तिला अ‍ॅप लागत नसे. टाळी वाजवली, की कान टवकारून जवळ यायची आणि वच्छलाबाईच्या ओठांकडे बघत रवंथ करायची. 'काय म्हणालीस?' असं न विचारणारं घरात तेवढंच होतं. आणि अभिमनने नेमकी तीच विकायला काढली.

"तुनाकडथून आते काम व्हत नही," तो म्हणाला. व्यापारी छगनची गाडी दारात येऊन उभी होती.

वच्छलाबाईने घाईघाईने लिहिलं, "म्हैस देवानी नही." म्हणजे द्यायची नाही. मोबाईल खणखणीत बोलला, "म्हैस देवाची नाही."

छगन हसला. "बरोबर शे अक्का! देवनी ऱ्हाती ते मी कशी लेतू?"

अभिमनने दावं सोडलं. तिने पुन्हा लिहिलं. मोबाईल म्हणाला, "कृपया थांबा." कृपया म्हटल्यावर कोण मेलं थांबतं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अ‍ॅप बंद करून तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि कधीतरी पुण्याला लेकीकडे गेली असताना अभिमनला बोलून पाठवलेला जुना निरोप लावला.

"ओ दिपीना बाप! हात लावशात ते याद ठेवा!"

अभिमनच्या हातातून दावं गळालं.

"डब्बामाना पापड मी मोजेल शेतस!"

छगन पोट धरून हसला. अभिमनला हसू आलं नाही. वर्षभरात असा दम त्याला कुणी दिला नव्हता. त्याने मुकाट्याने म्हैस पुन्हा खुंट्याला बांधली, छगनला हात जोडले आणि रिकामी गाडी परत पाठवली.

मग तो ओट्यावर तिच्याशेजारी येऊन बसला. "आखो एकदाव लाव ना."

इतके महिने ती मोबाईलमधून 'कृपया, कृपया' करत होती, तेव्हा याच्या कानात बोळे होते! दात-ओठ खात तिने निरोप पुन्हा लावला.

"नही लावत वं, हात नही लावत," अभिमन भरल्या डोळ्यांनी म्हणाला. ती शेजारीच बसली होती, आणि तो मोबाईलकडे बघून बोलत होता.