तराजूला न लागलेली कलेजी

आमचा दादा खाटीक. तोंडाने फटकळ, पण धंद्यात सरळ. त्याला गिऱ्हाइकं 'मास्तर' म्हणत, कारण माल बरा नसला की तो त्यांनाच दम भरायचा, आज कलेजी मागायची नाही म्हणून. शेळ्यामेंढ्यांच्या कलेजीवर कधीकधी पाण्याने भरलेले पांढरे फोड असतात. शेजारचा दुकानदार तेवढा भाग कापून बाकीची खुशाल विकायचा. दादा तसली कलेजी तराजूला लावतच नसे. लोकांच्या पोराबाळांच्या पोटात जायचंय ते, म्हणायचा. मग ती कच्चीच जायची ढब्ब्याला. ढब्ब्या म्हणजे आमचं कुत्रं, फुकटचं खाऊन नुसतं माजलेलं.

वहिनी गेल्यावर दादाची मुलगी मी वाढवली. ती आणि ढब्ब्या एकाच पांघरुणात. अगं, निदान जेवायच्या आधी हात तरी धू, असं ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. दादा तिचीच बाजू घ्यायचा आणि ती मला जीभ काढून दाखवायची.

मग तिला खोकला लागला. औषधं झाली, खोकला हटेना. धाप लागायला लागली तेव्हा छातीचा फोटो काढला. फुप्फुसात ही एवढी गाठ, पाण्याने भरलेली, कित्येक वर्षं वाढत आलेली. ऑपरेशन करू, बरी होईल, म्हणाले डॉक्टर. पण त्याआधीच गाठ आत फुटली आणि माझी पोर गेली. अजून हे माझ्याच्याने धड बोलवत नाही.

पुढे दादा डॉक्टरांना भेटायला गेला, मीही गेले. घरी कुत्रं आहे का, त्याला काय घालता, असं त्यांनी विचारलं. दादाने सगळं सांगितलं. मग त्यांनी समजावलं. तसले फोड कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना लागतात आणि हातावाटे माणसाच्या पोटात जातात, आणि तिथून फुप्फुसात पोचली की अशी गाठ धरते. कुत्रं मात्र ठणठणीत राहतं.

दादाने विचारलं, "आणि ती कलेजी मी विकली असती तर?"

"माणसाला ती खाऊन हा रोग होत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणालाच काही झालं नसतं."

दादाने मान हलवली, उठला, खुर्ची नीट आत सरकवली. मला त्या डॉक्टरचं थोबाड फोडावंसं वाटलं. मेल्या, एवढं एक खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?