दोन चुलींचं एक घर

हरिभाऊ डंभारेला खोटं बोलता येत नसे. अशा माणसानं सरकारी नोकरी करू नये, हे मी त्याच्या तोंडावर सांगत असे. नालवाडीला आम्ही शेजारी, आणि कचेरीही एकच. काम पाहणीचं. निवडून दिलेल्या घरांत जाऊन बसायचं, कोण काय खातं, काय नेसतं, ते विचारून तक्त्यात भरायचं. सत्तावन्न साली संयुक्त राष्ट्रसंघानं मदतीला एक तज्ज्ञ धाडला होता. आमचे आकडे आता देशोदेशी वाचले जाणार होते. कॉलर किती ताठ झाली होती आमची! वर्धेचा माणूस काय खातो ते सातासमुद्रापलीकडे कळणार, बाप्पा!

नियम साधा होता. एक चूल, एक घर. भिंती किती ते बघायचं नाही.

त्या श्रावणात हरिभाऊकडे गिरडजवळच्या खेड्यातल्या प्रेमदासचं घर आलं. प्रेमदासची म्हातारी आई, धुरपता, त्याच घराच्या पडवीत वेगळी राहायची. सुनेशी बिनसलं होतं. तिच्या चुलीत मांजर निजलं होतं.

"चूल पेटते का, माय?"

"पेटवाले दाणा पायजे न, भाऊ. शेजारीण देते कधीमधी रानातल्या तरोट्याची भाजी."

"मंग पोराकडं काऊन नाई जेवत?"

"त्या घरचं पाणी नाई पेत मी. मेली तरी नाई." मग तिनं तक्त्याकडे बोट केलं. "हे वाचते कोन?"

हरिभाऊनं दिल्लीचं, परदेशी साहेबाचं सांगितलं. म्हातारी सावरून बसली. "मंग माहं घर येगळं लिवजो. कोनाले तरी मालूम होऊ दे."

"लिवतो," हरिभाऊ म्हणाला, आणि तिथंच तिच्यासमोर वेगळा तक्ता भरला. शिजवलेलं धान्य, महिन्याचं: शून्य.

आमचे पर्यवेक्षक तो तक्ता बघून भडकले. "महिनाभर शून्य? मग बाई जिवंत कशी? आठवड्यानं पाहुणे तपासायला येताहेत, आपली शोभा करायची आहे का? चूल पेटत नाही म्हणजे ते घरच नाही. पोराच्या घरात घाला तिला."

हरिभाऊ दोन दिवस अडून बसला. त्याला समजावलं कुणी? मीच, दीडशहाण्यानं! म्हटलं, "अरे, हजारो घरांत एका म्हातारीनं काय होतं? पोरीचं लग्नाचं वय झालंय, नोकरी घालवतोस काय?" त्यानं वेगळा तक्ता फाडला. प्रेमदासच्या तक्त्यात 'जेवणारी माणसं चार' होती, तिथं पाच केलं.

तज्ज्ञ आला. उंच, घामानं निथळणारा, पण माणूस सरळ. प्रेमदासचा तक्ता त्याच्या हाती लागला तेव्हा त्यानं नेमकं तेच विचारलं. तुमच्या या चुलीच्या नियमातून कुणी सुटून जातं का? दुभाष्यानं मराठीत सांगितलं. मी हरिभाऊकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. पर्यवेक्षक खाकरले.

"नाही, साहेब," हरिभाऊ म्हणाला.

मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याची लाज वाटते.

दिवाळीनंतर फेरतपासणीसाठी तो पुन्हा त्या गावी गेला, या खेपेला मीही सोबत होतो. पडवीत सरपण रचलेलं होतं. प्रेमदास खाली मान घालून म्हणाला, "माय गेली, साहेब. पोळ्याच्या दिवशी. म्या ताट नेलतं, तिनं तोंड फिरवलं. गावातले म्हन्तेत, भुकीनं मेली. तुमची लय वाट पायली तिनं. म्हने, माहं घर येगळं लिवलं हाये, कोनी न कोनी येईनच."

त्यानंतरही हरिभाऊ कामावर येत राहिला, नेमानं तक्ते भरत राहिला, पण घरी जेवायला बसला की दुसरी भाकरी ताटाबाहेर काढून ठेवायचा. त्याची बायको इंदिरा माझ्याकडे येऊन रडायची.

दोन वर्षांनी छापील अहवाल आला. गुळगुळीत कागद, मागे मदत करणाऱ्यांचे आभार. कचेरीत पेढे वाटले. हरिभाऊनं पेढा टेबलावर ठेवला, पानं उलटत माणशी खाण्याच्या सरासरीच्या तक्त्याशी आला आणि एका आकड्यावर बोट टेकवून मला जवळ बोलावलं.

"हे पाय," तो म्हणाला, "इथं धुरपता दोन्ही टाइम जेवली."