धुलाईखात्यातली घाईबाई

हॉटेलच्या मागच्या अंगाला जे धुलाईखातं होतं, तिथे तिला सगळे घाईबाई म्हणत. नाव काही खोटं नव्हतं. बाई जिना चढली तर दोन पायऱ्या एकदम, बोलली तर दोन वाक्यं एकदम. बावीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते, जीभ मात्र अजून कामावर हजर.

आता मुकादम निवृत्त होणार होते. त्यांची जागा म्हणजे खिडकीजवळची खुर्ची आणि दिवसातून चार वेळा तरी टेकायची सोय. घाईबाईला ती जागा मनापासून हवी होती. मॅनेजरसाहेबांनी अट घातली, की पाळीची नोंदवही इंग्रजीत लिहिता आली पाहिजे. महिन्याभराने एक दिवस वही तिच्या हातात देऊन बघणार, नाही जमलं तर बाहेरून माणूस आणणार.

"बाहेरून? आणि मी काय इथे माश्या मारते?" ती घरात शिरता शिरता कडाडली. "सूनबाई, काढ तुझं पुस्तक!"

सूनबाई शाळेत शिकवायची. तिने पुस्तक काढलंच नाही. "आई, तुम्ही दिवसभर काय करता तेवढं सांगा."

"काय करणार? धुते, वाळवते, इस्त्री करते, घड्या घालते, तपासते."

"वॉश, ड्राय, प्रेस, फोल्ड, चेक. आई, नशीब काढलंत! सगळी सरळ क्रियापदं, एकही वाकडं नाही. झालेलं असेल तर मागे ई-डी लावायचं, व्हायचं असेल तर पुढे विल. चालू असेल तर आय-एन-जी. ड्रायचा वाय झालेल्यात तेवढा बदलतो, बाकी काही नाही."

कपड्यांच्या गठ्ठ्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून अक्षरं तिला येतच होती. तिने म्हणून बघितलं. आय वॉश्ट. ही वॉश्ट. शी वॉश्ट. दे वॉश्ट. मग हातातला चमचा तसाच वर राहिला.

"अगं, म्हणजे सदरा धुतला, चादर धुतली, पांघरूण धुतलं, ही भानगडच नाही? काहीही धुतलं तरी शब्द एकच?"

"एकच."

"मेलं, मग इतकी वर्षं मी घाबरले कुणाला!"

त्या दिवसापासून घरात कुणाची धडगत राहिली नाही. नवऱ्याने चहा मागितला की "आय विल बॉइल", हातात कप दिला की "आय बॉइल्ड", आणि मधल्या वेळात चुलीपुढे उभी राहून "आय अ‍ॅम बॉइलिंग, आय अ‍ॅम बॉइलिंग!" सूनबाईची हसून हसून पुरेवाट व्हायची. नवरा बिचारा कप घेऊन बाहेर जाऊन बसायचा.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी सातला मुकादमांनी वही तिच्यापुढे ठेवली. साहेब बाराला येणार होते. मुकादम भला माणूस, वाकून हळूच म्हणाले, "उगीच डोकं शिणवू नकोस. कालचं पान समोर धर आणि जसंच्या तसं उतरव. एकोणीस वर्षं मी तेच केलं. सकाळीच पान भरून टाकायचं, मग दिवसभर निवांत."

घाईबाईने कालचं पान बघितलं. वॉश्ट. ड्राइड. प्रेस्ड. चेक्ड. अगंबाई, वाचता येतंय! इतकी वर्षं लांबून बघितलेली ती रेघोट्यांची रांग चक्क बोलत होती. आनंदाने तिने पेन उचललं, टेकवलं, आणि हात थांबला.

"मुकादम, हे तर झालं म्हणतंय."

"मग? होईलच की संध्याकाळपर्यंत."

"होईल. पण झालेलं नाही ना! पांघरुणं अजून पाण्यात आहेत."

"साहेब पान भरलंय का ते बघतात, वाचत बसत नाहीत. शहाणपणा करशील नि हातची खुर्ची घालवशील."

खुर्ची हवी होती हो, अगदी रडू येईल इतकी हवी होती! महिन्यापूर्वी तिने डोळे झाकून पान उतरवलं असतं. पण आता अर्थ कळत होता, आणि कळलेलं काही पुसून टाकता येत नाही. तिने चादरींपुढे वॉश्ट लिहिलं, टॉवेलांपुढे ड्राइंग, आणि पांघरुणांपुढे ठसठशीत अक्षरांत आय विल चेक.

बाराला साहेब आले. पान बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या वेळेला रोज सगळं झालेलं असतं. आज तुमच्याच हाती काम मागे कसं पडलं?"

"मागे नाही पडलं, साहेब. जिथे आहे तिथेच लिहिलंय."

मुकादम खाली बघायला लागले. साहेबांनी पांघरुणांत हात घालून बघितला, मग मागची पानं उलटली. गेल्या आठवड्यात पाहुण्यांनी ओलसर पांघरुणांवरून आरडाओरडा केला होता, त्या दिवसाचं पानही शोधलं. तिथे ड्राइड होतं. "संध्याकाळी येतो," एवढंच म्हणून ते गेले.

दुपारभर घाईबाईच्या पायाला भिंगरी होती. पाचला शेवटचं पांघरूण तिने गालाला लावून बघितलं आणि लिहिलं, आय चेक्ड. साहेबांनी एकेक ओळ वाचली, मग वही तिच्याकडे सरकवली.

"सही करा. पाळीप्रमुखाच्या चौकटीत."

"आय साइन्ड!" असं ती सही करायच्या आधीच ओरडली, आणि साहेबांनासुद्धा हसू आवरलं नाही.

सगळे गेल्यावर मुकादम मात्र घुटमळत राहिले. त्यांनी वहीचं जुनं, पिवळं पान उघडलं. खाली त्यांचीच सही होती.

"मला इंग्रजी येत नाही, ठाऊक आहे ना तुला? आधीच्या मुकादमाचं पान होतं, त्यावरून उतरवत गेलो. जायच्या आधी एकदा कळू दे, मी सह्या कशावर केल्या." त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय?"

"वॉश्ट. धुतलं."

"धुतलं होतं का गं त्या दिवशी?"

आयुष्यात पहिल्यांदा घाईबाईला उत्तराची घाई झाली नाही. तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः उभी राहिली, आणि पुढचा शब्द वाचला.