तिसरीचा मालवणी तास

चारकोपच्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते. जूनमध्ये कुडाळकडून एक मुलगी आमच्या वर्गात आली. घरी जे बोलायची तेच ती शाळेत बोलायची. पहिल्याच दिवशी तहान लागली तेव्हा ती म्हणाली, "माका पाणी व्हया," आणि अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसली ती आमची मॉनिटर. आठवडाभर हेच चाललं. मग एका दुपारी त्या मुलीने मॉनिटरच्या हाताला कडकडून चावा घेतला.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, पालकांना बोलवा, तिला वेगळं बसवा. मीही इतकी वर्षं तेच करत आले होते. पण नुकतंच प्रशिक्षणात ऐकलेलं एक वाक्य डोक्यात घोळत होतं: घाबरलेल्या मुलाचा मेंदू आधी स्वतःला वाचवायला धावतो, समजून घेणं-शिकणं नंतर. मी पंधरा दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी खडू त्या मुलीच्या हातात दिला. वर्गाला सांगितलं, आज या आपल्या बाई, आणि तास फक्त मालवणीत. मी स्वतः मॉनिटरशेजारी बाकावर जाऊन बसले. ती मुलगी फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "खंय चललंस?" मी ते 'कुठे चाललीस' मालवणीत म्हणायला गेले आणि चुकले, तेव्हा ती शाळेत आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मॉनिटरची पाळी आली. तिची जीभ अडखळली, मागून खिदळणं ऐकू आलं. कान लाल होऊन ती मटकन खाली बसली. मी विचारलं, आत्ता पोटात काय होतंय.

"गोळा आलाय, बाई." मग फळ्याजवळ उभ्या असलेल्या त्या मुलीकडे बघून म्हणाली, "तुला पण असंच व्हायचं का गं?"

त्या मुलीने मान डोलावली. "माजा पण चुकला," मॉनिटरच्या चावलेल्या हाताकडे बघत ती म्हणाली.

त्यानंतरही दोघी भांडल्या, पण दात लागले नाहीत. दर शनिवारी मालवणीचा तास मात्र पोरांनीच लावून धरला.

दिवाळीनंतर घरी कानडी बोलणारी एक नवी मुलगी आली. मी हजेरी संपवून मान वर केली, तर त्या दोघी तिच्या दोन बाजूंना. भुकेला तुमच्यात काय म्हणतात, असं मॉनिटर विचारत होती. मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं.

सरळ ऑफिसात गेले, मुख्याध्यापिकांना वर्गाच्या दारात घेऊन आले. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी हा घरच्या भाषेचा तास पहिलीपासून सुरू करू या. त्या दिवशी मी काहीतरी जिंकल्यासारखी घरी चालत गेले.