तेरेसाची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवाला तर नाहीच — त्याला ठाऊक असणार, म्हणून तो विषयच टाळला. तुम्हाला सांगते. मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

मी सुखी बाई आहे, हे आधीच सांगायला हवं. इंदूरच्या कृष्णपुऱ्यातून रोज चालत शाळेत जायचे, मुलींना भूगोल शिकवायचे. संध्याकाळी घसा बसलेला असायचा, पण मन भरलेलं. असं काम सगळ्यांना मिळतं का? मला मिळालं. कसं मिळालं — तेच तर सांगायचंय.

इंदूर तेव्हा मध्यभारत राज्यात होतं. सिस्टरांच्या शाळेत मी मॅट्रिकच्या वर्गात होते. परीक्षेआधी तीन दिवस मौन असायचं. ख्रिस्ती मुली प्रार्थनेला बसायच्या, आम्ही बाकीच्या वर्गातच. बोलायचं मात्र कुणीच नाही. त्या तीन दिवसांत प्रत्येकीनं एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं — मी कशासाठी आहे? आणि शेवटी हजेरीच्या क्रमानं उभं राहून वाचायचं. जिचं उत्तर सिस्टरांना पटेल, तिला शाळा टीचर्स ट्रेनिंगला पाठवणार होती. मग नोकरीही तिथेच.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. मला लग्न नको होतं. पण हवं काय होतं? दोन दिवस कागद कोराच.

शेजारी तेरेसा बसायची. अबोल, हुशार. तिची आई शाळेचे गणवेश शिवायची. तिसऱ्या दिवशी तेरेसा प्रार्थनेला गेली आणि वही बाकावर राहिली. मी ती — हो, उघडली. एकच ओळ होती. ‘जिला उत्तर येतं पण हात वर करायचा धीर होत नाही, तिच्या बाकाशी जाऊन मला उभं राहायचंय.’

मी ती उतरवली. शब्दन् शब्द.

हजेरीत मी, कमल, आधी; तेरेसा नंतर. मी वाचलं, सिस्टरांचे डोळे पाणावले. मग तेरेसा उठली. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली.

“मेरा अभी कुछ तय नहीं है, सिस्टर.”

मौन तर संपलं होतं. बोलता आलं असतं तिला. पण हात वर न करणारी मुलगी तीच होती ना?

सिस्टर स्वतः घरी आल्या. दादा म्हणाले, “आप कहते हो सिस्टरजी, तो पढ़ लेने दो इसको.” स्थळं काही वर्षं थांबली. तेरेसा आईच्या मशीनवर बसली, त्याच शाळेत. तीस-बत्तीस वर्षं आम्ही एका छपराखाली होतो. माझ्या मुलीच्या फ्रॉकची शिवण तिनं कितीदा उसवून वाढवली. “खाना खाया, कमलजी?” एवढंच विचारायची. मी “हो” म्हणायचे. एवढ्या वर्षांत त्या ओळीबद्दल बोलायला एक दिवस सापडला नसता का मला? सापडला असता. मी शोधला नाही.

माझ्या निरोपसमारंभात एक जुनी विद्यार्थिनी रडत म्हणाली, “कमल मिस नेहमी मागच्या बाकाशी येऊन उभ्या राहायच्या.” खरं होतं ते. रोज उभी राहिले, आनंदानं राहिले.

तेरेसा दाराशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी हार घालून घेतला.