समदं मशिनीवर

गिरणीच्या दारात पाहुणा आला की मालक दोन्ही तळहात पुढे करायचे. "बघा, कुठं हळद दिसती? आमच्यात हातानं काय न्हाई. समदं मशिनीवर!"

तिकडे अंगणात बायका हळकुंडं निवडत बसलेल्या असायच्या, कोपरापर्यंत पिवळ्या. पण सत्तरच्या दशकातल्या सांगलीत मशीनवाल्याचा रुबाब वेगळा. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. दारावर पत्र्याची भली मोठी पाटी होती, 'सर्व काम मशीनवर'. मी तिथला फिटर.

मजुरांचा विमा उतरवतानाही हाच तोरा. झाडून सगळ्यांना मशीनवरचे कामगार म्हणून लिहवलं. विमा कचेरीतले साहेब अंगण पाहून म्हणाले, "मालक, बसून निवडणाऱ्या बायकांना दर कमी असतो. उगाच जादा भरताय. दुरुस्ती करू?"

"म्हंजे आमचं काम हातावरचं व्हय?" मालक उखडले. "ऱ्हाऊ द्या तसंच."

मी मध्ये तोंड घातलं. "मालक, त्या वाचलेल्या पैशांत मशीनच्या उघड्या पट्ट्याला झाकण होईल."

"झाकल्यावर पट्टा पळताना दिसंल कसा? आन् विमा भरलाय न्हवं? भितोस कशाला गड्या!"

माणूस दुष्ट नव्हता. मजुराच्या घरी लग्न असलं की गिरणी बंद ठेवून स्वतः वाढायला जायचा. दुष्ट असता तर मला शिव्या देणं सोपं गेलं असतं.

एकदा मशीनवरचा गडी आला नाही. मालकांनी अंगणातून हौसाक्काला उठवलं. मी अडवलं, तर म्हणाले, "तिचा बी मशिनीचाच विमा हाय की रं!" दुपारी तिचा पदर पट्ट्यात गेला. सोडवायला गेलेला उजवा हातही गेला.

दवाखान्यात मालक ढसाढसा रडले. "घाबरू नगंस आक्का. तुझं समदं भरलंय."

"आवं मालक, पैसं येत्याल," ती म्हणाली. "भाकरी कशानं थापू?"

त्यानंतर त्यांनी कुणाला तळहात दाखवले नाहीत. झाकण मात्र लावू दिलं नाही. "आता लावलं तर लोक म्हंतील, आदी का न्हाई लावलं?" जादा हप्ता मरेपर्यंत भरत राहिले. मला त्यांची कीव यायची, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

त्यांचा तेरावा झाला आणि मी दारावरची पाटी उतरवली. कापली, वाकवली, पट्ट्यावर बसवली. पत्रा धरायला हौसाक्का उभी राहिली, डाव्या हाताने.

एका दुपारचं काम होतं.