पाद्रीबाबा थांबले तिथून पुढं

काल चर्चमध्ये तरुण पाद्र्यानं दासांनी धन्याचं ऐकावं, एवढंच वाचून बायबल मिटलं. माझं डोकं तापलं.

निजामाच्या काळात भालकीकडच्या आमच्या गावच्या चर्चमध्येही असंच झालं होतं. पुढं खुर्चीवर देशमुख अत्तर लावून बसलेला. आमची ज्वारी काढणीला आलेली, आणि त्यानं माझ्या वडलांना, अप्पांना, फुकट वेठीला बोलावलेलं. पाद्रीबाबा नेमके दासांच्या त्याच ओळीपाशी थांबले. थोरली अक्का उठली.

"कामून थांबलाव? तमाशावालेबी खेळ अर्ध्यात सोडत न्हाईत!"

तिनं पुढचं खणखणीत वाचलं : धन्यांनीही धमकावू नये, त्यांचाही धनी वर आहे. देशमुख तरातरा निघून गेला. अप्पा विळा घेऊन आमच्याच रानात गेले.

घराण्यातला पहिला बी.ए. मी, पण बायबल वाचायला अक्कानंच शिकवलं. काल मी उभा राहिलो.

"पाद्रीसाहेब, उघडा ते. पुढचं वाचा."